वीस माकडांचे ऋण

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा लिखित मजकूर)



आपल्या ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीच्या निमित्ताने ‘अहिंसा आणि आजचे जीवन’ या विषयावर दोन शब्द बोलावेत, अशी आज्ञा मला झाली. मी कापडाचा व्यापारी. शिक्षण बी.कॉम.पर्यंत. शास्त्राचा अभ्यास तुटपुंजा आणि विज्ञानाचा त्याहूनही तुटपुंजा. आयुष्यभर एकच विद्या केली, ती म्हणजे जमाखर्चाची. जे घेतले ते नावे टाकायचे, जे दिले ते जमा करायचे आणि वर्षअखेर ताळा जुळवायचा. आज एका न फिटलेल्या उधारीची नोंद आपल्यासमोर वाचून दाखवावी, एवढाच माझा हेतू आहे. ही उधारी माझ्या एकट्याच्या नावावर नाही, आपणा सर्वांच्या नावावर आहे.

आरंभ घरापासून करतो. माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सर्वजण दादा म्हणत असू, अत्यंत धर्मशील होते. रात्रिभोजनाचा त्याग, पाणी गाळून पिण्याचा नेम आणि शिरड शहापूरच्या मल्लिनाथ भगवंतांची वर्षातून एकदा तरी वारी, यांत कधी खंड पडला नाही. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत मालेगाव आणि मुंबई येथील बंदोबस्तावरून परतलेल्या राज्य राखीव पोलीस दलाच्या जवानांमध्ये कोरोना आढळला आणि आपल्या हिंगोलीत ती भीती प्रथम शिरली. दुकानाचे शटर खाली होते. दुपारी दादा आणि मी वर्तमानपत्र वाचत बसत असू. त्याच वर्षी सप्टेंबरात एक बातमी मी त्यांना मोठ्याने वाचून दाखविली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत वीस माकडांवर कोरोनाच्या लसीचा प्रयोग झाला होता. मी अर्धीच बातमी वाचली आणि माझ्या तोंडून निघून गेले, “बघा दादा, माणसाला वाचवायला मुक्या जिवांचा बळी!” दादा काही बोलले नाहीत.

१ मार्च २०२१ पासून साठ वर्षांवरील नागरिकांना लस मिळू लागली. मी नाव नोंदवू या म्हणालो, तेव्हा दादांनी माझेच वाक्य मला परत दिले. “ज्यासाठी मुके जीव गेले ती लस मला नको.” मी आग्रह धरला नाही. खरे सांगायचे तर माझ्याजवळ उत्तर नव्हते. एप्रिलच्या दुसऱ्या लाटेत दादा आजारी पडले आणि अकराव्या दिवशी गेले. लस घेतली असती तर ते वाचलेच असते, असा दावा मी करणार नाही. आयुष्य कर्माधीन आहे. परंतु अर्धवट वाचलेली बातमी आणि तिच्यावर केलेले सवंग भाष्य यांचा भार माझ्या मनावरून अद्याप उतरलेला नाही.

त्यानंतर जून महिन्यात वहिनींनी मला मोबाईल दाखविला. लसीत वासराचे रक्त आहे, असा संदेश सगळीकडे फिरत होता. त्यांनी विचारले, “भाऊजी, हे खरे आहे का? मी काय करू?” या वेळी मात्र पूर्ण माहिती घेतल्याशिवाय तोंड उघडायचे नाही, असे मी ठरविले. डॉक्टर मित्रांना विचारले, जे मिळाले ते वाचले, जे समजले नाही ते पुन्हा विचारले. त्यातून जे हाती लागले तेच आज आपल्यासमोर ठेवतो.

पहिला प्रश्न असा की, लस शरीरात नेमके करते काय? आपल्या धंद्यातील दृष्टान्त देतो. परगावचा व्यापारी संपूर्ण ठाण आणत नाही, नमुन्याचा तुकडा दाखवितो. पोत, वीण आणि रंग एकदा नजरेत भरला की पुढे मालाचा गठ्ठा आला तरी जाणकार माणूस क्षणात ओळखतो. लस म्हणजे विषाणूचा असा नमुना होय. कोव्हॅक्सिन या लसीत रुग्णाच्या नमुन्यातून वेगळा केलेला, वाढविलेला आणि नंतर रसायनाने निष्क्रिय केलेला विषाणू असतो. तो वाढू शकत नाही, परंतु त्याचे रूप कायम असते. ते रूप पाहून शरीर दोन प्रकारचे सैन्य उभे करते. एक म्हणजे रक्तातील प्रतिपिंडे, जी विषाणूला पेशीत शिरण्यापूर्वीच अडवितात. दुसरे म्हणजे टी-पेशी, ज्या आत शिरलेल्या विषाणूचा ठिकाणा शोधून ती पेशीच नष्ट करतात. यांपैकी काही पेशी नमुना स्मरणात ठेवून मागे राहतात. हे स्मरण म्हणजेच लसीचे खरे भांडवल.

दुसरा प्रश्न दादांचा होता. यासाठी प्राणी कशाला? थेट माणसांनाच का देऊ नये? याचे उत्तर एका दुःखद इतिहासात आहे. १९६६ साली अमेरिकेत आरएसव्ही नावाच्या श्वसनविषाणूची निष्क्रिय लस तान्ह्या बालकांना देण्यात आली. पुढे खरा विषाणू आला तेव्हा लस घेतलेलीच बालके अधिक आजारी पडली. त्यांतील बहुतेकांना रुग्णालयात ठेवावे लागले आणि दोन बालके दगावली. शरीराने नमुना ओळखला होता, परंतु उलट्या दिशेने ओळखला होता. प्रतिकाराने रक्षण करण्याऐवजी फुफ्फुसालाच इजा केली. पुढे सार्सच्या विषाणूवर तयार केलेल्या काही लसींच्या बाबतीत उंदरांच्या फुफ्फुसांत अशीच चिन्हे दिसली होती. म्हणून कोरोनाची निष्क्रिय लस तयार होताच शास्त्रज्ञांपुढे मोठी शंका उभी राहिली. ही लस रक्षण करील की घात करील? रक्ताच्या तपासणीतून प्रतिपिंडे वाढल्याचे कळते, पण फुफ्फुसात काय घडते ते कळत नाही. लस दिल्यानंतर खरा विषाणू मुद्दाम श्वासात सोडल्याखेरीज ते कळण्याचा मार्ग त्या दिवसांत नव्हता. माणसाच्या बाबतीत, ज्या रोगावर खात्रीचे औषध नाही तो रोग मुद्दाम देणे अशक्य होते. ती परीक्षा दुसऱ्या कोणावर तरी आली.

ती आली आपल्या महाराष्ट्रातील लाल तोंडाच्या माकडांवर. देशात प्रयोगशाळेत वाढविलेली अशी माकडे उपलब्ध नव्हती. पुण्याच्या संस्थेने प्राणिसंग्रहालये आणि अन्य संस्थांकडे चौकशी केली. परंतु उत्तम प्रतिकारशक्ती असलेली तरुण माकडे हवी होती. टाळेबंदीमुळे माणसांकडून मिळणारे खाणे बंद झाले होते आणि माकडे खोल जंगलात निघून गेली होती. वनविभागाच्या साहाय्याने जंगले धुंडाळल्यावर ती अखेर नागपूरच्या परिसरात सापडली. ही हकिकत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे तत्कालीन महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी आपल्या ‘गोइंग व्हायरल’ या पुस्तकात दिली आहे. माकडांना माणसांकडून आधीच संसर्ग होऊ नये, म्हणून त्यांची देखभाल करणाऱ्यांचीच वारंवार तपासणी करावी लागत असे. ज्या माणसापासून त्यांना जपायचे, त्याच माणसासाठी त्यांना आणलेले, असा हा विचित्र योग होता.

वीस माकडांचे पाच-पाचांचे चार गट करण्यात आले. तीन गटांना लसीचे तीन वेगवेगळे प्रकार दिले आणि चौथ्या गटाला लस न देता तिच्याऐवजी निरुपद्रवी द्रव टोचले. चौदा दिवसांनी दुसरी मात्रा दिली. तिसऱ्या आठवड्यापासून लस घेतलेल्यांच्या रक्तात प्रतिपिंडे वाढू लागली. दुसऱ्या मात्रेनंतर चौदा दिवसांनी वीसही माकडांच्या श्वसनमार्गात जिवंत विषाणू सोडण्यात आला. सातव्या दिवशी लस घेतलेल्यांच्या नाकातून, घशातून आणि फुफ्फुसातून विषाणू नाहीसा झालेला आढळला आणि त्यांच्या फुफ्फुसांत न्यूमोनियाची चिन्हे नव्हती. लस न घेतलेल्या गटाच्या फुफ्फुसांत न्यूमोनिया होता आणि विषाणूही होता. लसीने घात केला नाही, रक्षण केले. मनातील मोठी शंका फिटली. परंतु फुफ्फुसाचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा म्हणजे काय, हे मी या सभेत वेगळे सांगायला नको. ते उत्तर त्या जिवांनी आपले प्राण देऊन दिले.

या कसोट्यांचे आणखी एक फलित आहे. ते आपण वेळीच लक्षात घेतले असते तर पुष्कळ गैरसमज टळले असते. ऑक्सफर्डच्या ज्या लसीपासून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने कोव्हिशील्ड तयार केली, तिची परीक्षा २०२० मध्ये अमेरिकेतील मोंटाना राज्यात माकडांवर झाली. लस घेतलेल्यांच्या फुफ्फुसांचे रक्षण झाले, न्यूमोनिया टळला. परंतु त्यांच्या नाकातील विषाणू मात्र लस न घेतलेल्यांइतकाच राहिला. याचा अर्थ स्पष्ट होता. रक्तातील सैन्य फुफ्फुसापर्यंत सहज पोहोचते, नाकाच्या अस्तरापर्यंत मात्र तितके पोहोचत नाही. म्हणून लस घेतलेल्याला सर्दी-ताप होऊ शकतो, तो इतरांना संसर्गही देऊ शकतो, परंतु त्याचा प्राण बहुधा वाचतो. पुढे माणसांमध्येही तेच दिसले. कोव्हॅक्सिनच्या सुमारे २५,८०० स्वयंसेवकांवरील चाचणीत लक्षणे असलेल्या आजारापासून ७७.८ टक्के, तर गंभीर आजारापासून ९३.४ टक्के संरक्षण मिळाल्याचे आढळले. “लस घेऊनही कोरोना झाला, मग लसीचा उपयोग काय?” असे आपण चौकात म्हणत होतो. त्याचे उत्तर त्या मुक्या जिवांनी आपल्याला आधीच देऊन ठेवले होते.

आता वहिनींच्या प्रश्नाकडे येतो. विषाणू वाढविण्यासाठी जिवंत पेशी लागतात. त्यासाठी व्हेरो नावाच्या पेशी वापरतात. १९६२ साली जपानमध्ये एका आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडापासून त्या प्रथम मिळविल्या आणि तेव्हापासून त्याच पेशी जगभर वाढविल्या जात आहेत. त्यासाठी पुन्हा माकड लागत नाही. या पेशींच्या वाढीसाठी नवजात वासराच्या रक्तातील द्रव वापरला जातो, ही गोष्ट खरी आहे. पुढे पेशी धुऊन तो काढून टाकतात आणि अंतिम लसीत तो राहत नाही, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १६ जून २०२१ रोजी स्पष्ट केले. मी वहिनींना दोन्ही गोष्टी सांगितल्या. ‘लसीत वासराचे रक्त आहे’ हे असत्य आहे, आणि ‘लस तयार करताना कोणत्याही प्राण्याला स्पर्श झाला नाही’ हेही असत्य आहे. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. नंतर म्हणाल्या, “खरे सांगितलेत, बरे झाले. मी घेते. पण ज्यांचे घेतले त्यांचे काहीतरी देणे लागतो ना?” आजच्या माझ्या भाषणाचा विषय वहिनींच्या या एका वाक्यातून आला आहे.

आपल्या शास्त्राने गृहस्थासाठी हिंसेचे चार भेद सांगितले आहेत. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. श्रावकाने संकल्पी हिंसा पूर्णपणे सोडावी आणि उरलेल्या तीन प्रकारांत यत्नाचाराने शक्य तितकी घट करावी. मी पुष्कळ विचार केला की, लसीसाठी झालेली ही हिंसा कोणत्या रकान्यात टाकावी? विरोधी म्हणावी तर माकडाने आपल्यावर हल्ला केला नव्हता. उद्योगी म्हणावी तर हा काही शेतीतील अथवा व्यापारातील अजाणता घडणारा जीवघात नव्हे. ठरवून केलेली म्हणून संकल्पी म्हणावी, तर तिच्यामागे द्वेष, लोभ वा जिभेचे चोचले नव्हते, लाखो जीव वाचविण्याची भावना होती. माझ्या अल्पबुद्धीला तो रकाना सापडला नाही. मुनिमहाराज आणि पंडितजन मार्गदर्शन करतील तर मी ऋणी राहीन. परंतु एक गोष्ट मला निश्चित कळली. रकाना सापडत नाही म्हणून रक्कमच वहीत लिहायची नाही, ही लबाडी झाली. लोकांसमोर लसीला नावे ठेवायची आणि तिच्यामुळे थांबलेल्या साथीत निर्धास्त फिरायचे, ही त्याहून मोठी लबाडी झाली.

आणि मी कोणत्या तोंडाने दादांसमोर ते वाक्य बोललो? चाळीस वर्षे माझ्या गादीवर पैठण्या आणि रेशमी शालू विकले गेले. एका साडीच्या रेशमासाठी हजारो कोश किड्यांसह उकळत्या पाण्यात जातात, हे मला ठाऊक नव्हते काय? ते केवळ शोभेसाठी होते, कोणाचा प्राण वाचविण्यासाठी नव्हते. तेव्हा माझी जीभ एकदाही उचलली नाही.

मग हे ऋण फेडायचे कसे? निराश होण्याचे कारण नाही, कारण विज्ञानाने स्वतःच या दिशेने पावले टाकली आहेत. आपल्यापैकी ज्येष्ठांना पिसाळलेला कुत्रा चावल्यावर पोटात घ्यावी लागणारी चौदा इंजेक्शने आठवत असतील. ती लस मेंढ्यांच्या मेंदूपासून तयार होत असे. मेंढ्यांना तो रोग देऊन, त्यांना मारून मेंदू काढीत. २००४ च्या अखेरीस आपल्या देशात तिचे उत्पादन थांबले. आज पेशींवर वाढविलेली, अधिक सुरक्षित आणि मोजक्या मात्रांची लस दंडात मिळते. माणसाचा त्रास वाचला आणि मेंढ्यांचा जीवही. पोलिओचेच पाहा. १९५५ पासून पोलिओच्या लसीसाठी माकडांची मूत्रपिंडे लागत आणि भारतातून लाखो माकडे परदेशी गेली. त्यांचा वापर लष्करी प्रयोगांत होत असल्याचे उघडकीस आल्यावर मोरारजी देसाई यांच्या सरकारने १९७८ साली ही निर्यात बंद केली. तरीही जगाची लस थांबली नाही, दुसरे मार्ग निघाले. आणि १३ जानेवारी २०११ नंतर भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा एकही रुग्ण आढळलेला नाही. बंधन आले की बुद्धी नवी वाट शोधते, हा यातील बोध आहे.

१९५९ साली रसेल आणि बर्च या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी प्राण्यांवरील प्रयोगांसाठी तीन नियम मांडले. जेथे शक्य तेथे प्राण्याऐवजी अन्य साधन वापरा, प्राण्यांची संख्या कमीत कमी ठेवा आणि त्यांच्या वेदना कमी करा. वाचताना मला वाटले, हा तर आपलाच यत्नाचार! आपल्या देशात श्रीमती रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहातून १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा झाला आणि अशा प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या समितीची तरतूद त्यातच आहे. २०२३ साली औषध चाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती होऊन मानवी पेशींवरील आणि संगणकाच्या साहाय्याने होणाऱ्या चाचण्यांनाही मान्यता मिळाली. हा मार्ग अजून लांबचा आहे. संपूर्ण शरीराचा प्रतिकार कसा घडतो, हे काचेच्या तबकडीत अद्याप पूर्णपणे दाखविता येत नाही. परंतु दिशा योग्य आहे.

प्राण्यांपासून मिळालेले ज्ञान प्राण्यांकडे परतही जाते. २०२२ च्या ऑगस्टपासून आपल्या राज्यात लम्पी आला. गुरांचे बाजार बंद झाले. हळदीच्या आपल्या मुलखातील शेतकरी बैलाच्या अंगावर गाठ दिसते का म्हणून रोज हात फिरवून पाहत होता. त्या वेळी शेळ्यांच्या देवीवरील लस गुरांना देण्यात आली. दोन्ही विषाणू एकाच कुळातील, एकाचा नमुना पाहिलेले शरीर दुसऱ्यालाही ओळखते, हे ज्ञान कामी आले आणि असंख्य गोवंश वाचला.

शेवटी, ट्रस्टच्या या सुवर्णमहोत्सवी वर्षात माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली अशी की, आरोग्याविषयीचा कोणताही संदेश जाणकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे पाठवू नये. अपुरे सत्यही कोणाच्या तरी जिवावर बेतू शकते, हा माझा अनुभव आहे. दुसरी अशी की, ट्रस्टने दरवर्षी पशुवैद्यकीय विभागाच्या साहाय्याने आपल्या भागातील गुरांचे आणि मोकाट कुत्र्यांचे लसीकरण शिबिर घ्यावे. ज्यांच्यामुळे आपल्याला लस मिळाली, त्यांना लस पोहोचविणे हीच यथायोग्य परतफेड आहे. पहिल्या शिबिराचा संपूर्ण खर्च दादांच्या स्मरणार्थ आमच्या कुटुंबाने उचलण्याचे ठरविले आहे, तो ट्रस्टने स्वीकारावा. तिसरी विनंती अशी की, आपल्या समाजातील ज्या मुला-मुलींना जीवशास्त्राची आवड आहे, त्यांना प्राण्यांवाचून चाचणी करण्याच्या विद्येकडे वळविण्यासाठी ट्रस्टने शिष्यवृत्ती ठेवावी. अहिंसेवर व्याख्याने पुष्कळ झाली. आता अहिंसेची प्रयोगशाळा उभारणारे हात हवे आहेत.

क्षमावणीच्या दिवशी आपण सर्व जिवांची क्षमा मागतो. त्या शब्दांत ‘सर्व’ म्हणताना इतकी वर्षे माझ्या डोळ्यांसमोर ओळखीची माणसेच येत. आता नागपूरच्या रानातून पुण्याला आणलेली ती वीस माकडे येतात, आणि त्यांच्यामागे दादा येतात. त्यांची क्षमा मागून मी आपली रजा घेतो. बोलण्यात काही उणे-अधिक झाले असल्यास आपणही क्षमा करावी.

जय जिनेंद्र!